फेडरल अनएम्प्लॉयमेंटचा प्रशासनाचा पैसा राज्याने चुकीच्या जागी खर्च केला तर तो भरून कसा द्यायचा

अमेरिकेत नोकरी गेली की माणूस राज्याच्या ऑफिसकडे अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम टाकतो, पण तो क्लेम तपासणाऱ्या, फोन उचलणाऱ्या, अपील ऐकणाऱ्या लोकांचा पगार मुख्यतः वॉशिंग्टनहून येतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहितीच नसतं. आणि हा पैसा राज्याने भलतीकडे वापरला, किंवा मंजुरीपेक्षा जास्त वापरला, किंवा नुसता हरवला तरी राज्याने तो स्वतःच्या खिशातून भरून द्यायचा असा कायदा आहे. तुम्ही तिकडे एखाद्या राज्याच्या लेबर खात्यात अकाउंट्स, बजेट, ऑडिटमध्ये असाल किंवा अशा खात्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये असाल तर कधी ना कधी हा विषय टेबलावर येतोच, आणि मराठीत ह्यावर काहीच नीट लिहिलेलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कुठला पैसा कुठला ते पक्कं करा

सगळा घोळ इथे होतो म्हणून इथे थोडा वेळ द्या. मालक दोन वेगळे टॅक्स भरतो. एक राज्याचा, तो यूएस ट्रेझरीतल्या अनएम्प्लॉयमेंट ट्रस्ट फंडात त्या राज्याच्या खात्यात जातो आणि त्यातून बेकार माणसाला आठवड्याचा भत्ता मिळतो. दुसरा फेडरल, फ्यूटा म्हणतात तो, प्रत्येक कामगाराच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर ६ टक्के. राज्याचा कायदा फेडरल अटीत बसत असेल तर त्यातले ५.४ टक्के माफ होतात, म्हणजे भरायचे उरतात ०.६ टक्के, माणशी वर्षाला ४२ डॉलर. ह्या फ्यूटाच्या पैशातून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दरवर्षी राज्यांना यंत्रणा चालवायला ग्रँट देते, सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या टायटल ३ खाली. हाच तो प्रशासनाचा पैसा.

म्हणजे भत्त्याचा डबा वेगळा आणि ऑफिस चालवायचा डबा वेगळा. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीत सिंकिंग फंड आणि महिन्याचा मेंटेनन्स वेगळा ठेवतात आणि एकातून दुसऱ्याचं बिल भरलं की जनरल बॉडीत आरडाओरडा होतो, तसंच, फक्त इथे आरडाओरडा करायला फेडरल लेबर डिपार्टमेंट असतं.

कायद्यातली दोन वाक्यं स्वतः वाचा

कुणी सांगितलेल्या सारांशावर जाऊ नका, सोशल सिक्युरिटी ॲक्टच्या कलम ३०३ (अ) मधला ८ वा आणि ९ वा मुद्दा उघडून वाचा. मूळ कायदा १९३५ चा, हे दोन मुद्दे १९३९ च्या दुरुस्तीत आले आणि १ जुलै १९४१ पासून लागू झाले. ८ वा मुद्दा सांगतो की हा पैसा राज्याच्या अनएम्प्लॉयमेंट कायद्याच्या योग्य आणि कार्यक्षम प्रशासनासाठी, लेबर सेक्रेटरीला आवश्यक वाटलेल्या कामांवर आणि तेवढ्याच रकमेत खर्च करायचा. ९ वा सांगतो की जो पैसा कुठल्याही कृतीमुळे किंवा घटनेमुळे हरवला, किंवा दुसऱ्या कामावर गेला, किंवा आवश्यकतेपेक्षा जास्त खर्च झाला, तो राज्याने वाजवी वेळेत भरून द्यायचा.

ह्यात "कुठल्याही कृतीमुळे किंवा घटनेमुळे" हे शब्द सगळ्यात महत्त्वाचे. कुणी चोरी केली, कुणी फॉर्ममध्ये चुकीचा कोड, म्हणजे खर्च कुठल्या कार्यक्रमावर टाकायचा तो नंबर, टाकला, कॉन्ट्रॅक्टर ॲडव्हान्स घेऊन बुडाला, सगळं ह्यात बसतं. हेतू विचारलेलाच नाही. मीटिंगमध्ये पहिला तासभर "ही चूक कुणाची" ह्यावरच जातो, आणि माणसं म्हणून ते समजू शकतो, पण पैसे भरायची जबाबदारी ठरायला त्या चर्चेचा काडीचा उपयोग नाही. सुप्रीम कोर्टात शाळांच्या फेडरल ग्रँटवरून असे खटले झालेत, १९८३ मध्ये न्यू जर्सीचा आणि १९८५ मध्ये केंटकीचा. पहिल्यात कोर्टाने म्हटलं की गैरवापर झालेला पैसा फेडरल सरकार वसूल करू शकतं, दुसऱ्यात म्हटलं की राज्याची नियत वाईट नव्हती एवढ्याने सुटका होत नाही. ते कायदे वेगळे आहेत पण विचार तोच.

मला स्वतःला हा नियम कडक वाटला तरी बरोबरच वाटतो. कारण प्रशासनाचा पैसा कमी पडला की फोन लाइन बंद होतात, अपीलं साठतात, आणि ज्याचं ह्या महिन्याचं घरभाडं अडकलंय त्याचा भत्ता सहा आठवडे लांबतो. राज्याने तो खड्डा भरायचा नाही तर मग कुणी भरायचा?

आता राज्याचा स्वतःचा कायदा काढा. बहुतेक राज्यांत ह्याच ९ व्या मुद्द्याची जोडी असते, आयोवात ती कलम ९६.१३ मध्ये आहे. साधारण असं असतं की पैसा भरून देणं हे राज्याचं धोरण आहे, फेडरल सेक्रेटरीचा निष्कर्ष मिळाला की खात्याने रक्कम ताबडतोब गव्हर्नरला कळवायची, आणि गव्हर्नरने पहिल्या संधीला विधिमंडळाकडे जनरल फंडातून, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून, तेवढी रक्कम मागायची. तुमच्या राज्याचे शब्द थोडे वेगळे असतील, ते छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावा, पुढे दहा वेळा लागतात.

पैसा कुठे झिरपतो

मुद्दाम केलेली अफरातफर क्वचित असते. खरा झिरपा वाटणीत असतो. कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या, तिथलं एकच खातं मालकाकडून चार गोष्टी एकत्र गोळा करतं, अनएम्प्लॉयमेंट टॅक्स, ट्रेनिंग टॅक्स, डिसॅबिलिटी इन्शुरन्स आणि पगारातून कापलेला राज्याचा इन्कम टॅक्स. न्यूयॉर्कमध्येही अनएम्प्लॉयमेंट आणि पगारातून कापलेला टॅक्स एकाच तिमाही फॉर्मवर येतो. काउंटरवरची बाई एकच, फॉर्म एक, कॉम्प्युटर एक, पण तिच्या वेळेचा फक्त अनएम्प्लॉयमेंटचा हिस्साच फेडरल ग्रँटवर टाकता येतो. डिसॅबिलिटीचा हिस्सा डिसॅबिलिटीने द्यायचा, इन्कम टॅक्सचा राज्याने.

एक टाइमशीट जवळून बघू. समजा एक कर्मचारी ताशी ३० डॉलरवर आठवड्याला ४० तास काम करते, त्यातले २६ तास अनएम्प्लॉयमेंटचे, १४ तास डिसॅबिलिटीचे. पण तिच्या टाइमशीटवर चाळीसच्या चाळीस तास अनएम्प्लॉयमेंटचा कोड, कारण ती नोकरीला लागली तेव्हा सिस्टीममध्ये तोच डिफॉल्ट होता आणि नंतर कुणी बदललाच नाही. आठवड्याला १४ गुणिले ३० म्हणजे ४२० डॉलर जास्त. ५० आठवड्यांचे २१,०००. त्यावर बेनिफिट्स ४० टक्के धरले तर ८,४००, झाले २९,४००. त्यावर इनडायरेक्ट कॉस्ट, म्हणजे खात्याचा सामायिक वरखर्च, १२ टक्के लागत असेल तर अजून ३,५२८. म्हणजे एका माणसाच्या एका चुकीच्या कोडमागे वर्षाला ३२,९२८ डॉलर. असे वीस जण एका मजल्यावर बसत असतील तर हिशोब तुम्हीच करा.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे भाडं. समजा ऑफिसचं भाडं वर्षाला ९०,००० डॉलर. आधी तिथे ८५ टक्के जागेत अनएम्प्लॉयमेंटचे लोक होते म्हणून तेवढं ग्रँटवर टाकलं, ७६,५००. नंतर जॉब ट्रेनिंगवाले आले, खरा हिस्सा ६० टक्क्यांवर आला, म्हणजे ५४,०००, पण टक्केवारी जुनीच चालू राहिली. वर्षाला २२,५०० जास्त, तीन वर्षांत ६७,५००. भाडं बहुतेक वेळा इनडायरेक्टच्या बेसमधून वगळलेलं असतं, तेव्हा इथे वरचं इनडायरेक्ट लावताना आधी तुमचा रेट ॲग्रीमेंट, म्हणजे इनडायरेक्टचा दर ठरवणारा फेडरल सरकारशी झालेला करार, बघा, नाहीतर रक्कम उगाच फुगते.

बाकी जागा पटकन सांगतो. सामायिक सर्व्हर आणि सॉफ्टवेअर कॉन्ट्रॅक्ट. वर्ष संपतानाची बिलं, कारण फेडरल वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं १ जुलैला, न्यूयॉर्कचं १ एप्रिलला आणि टेक्सासचं १ सप्टेंबरला, त्यामुळे बिल भलत्याच वर्षाच्या ग्रँटवर जातं. आणि २०२० ची कोविडची गर्दी, तेव्हा काँग्रेसने राज्यांना एक अब्ज डॉलरपर्यंत वेगळा आणीबाणीचा प्रशासन निधी दिला, त्याच्या अटी वेगळ्या, आणि नेमकी भरती घाईत झाली होती, तेव्हा त्या काळातले कोड दोनदा तपासा.

चूक सापडली की पहिल्या आठवड्यात काय करायचं

सगळ्यात आधी चालू चार्ज थांबवा. मागचं निस्तरायचं नंतर, पण पुढच्या पगारापासून कोड बरोबर झाला पाहिजे, नाहीतर तुम्ही रक्कम मोजत बसता आणि ती रोज वाढत राहते.

मग कागद गोठवा. टाइमशीट, लीज, नकाशे, कोण कधी कुठल्या टेबलावर बसायचं त्याची यादी, ईमेल, सगळं. फेडरल नियमाने रेकॉर्ड शेवटचा आर्थिक रिपोर्ट दिल्यापासून तीन वर्षं ठेवायचं असतं, पण त्या मुदतीत ऑडिट, दावा किंवा कोर्टकेस सुरू झाली तर ती निकाली निघेपर्यंत ठेवावं लागतं. जुना डेटा आपोआप पुसणारी सेटिंग आयटीवाल्यांना सांगून बंद करून घ्या, हे लोक हमखास विसरतात.

गुन्ह्याचा वास असेल, म्हणजे लाच, खोटी बिलं, फसवणूक, आणि पुरावा विश्वासार्ह असेल, तर ते आतल्या आत ठेवायचं नाही. फेडरल खात्याला आणि त्यांच्या इन्स्पेक्टर जनरलला लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि ताबडतोब. तुमच्या वकिलाला त्याच दिवशी बोलवा.

आता रक्कम मोजा. ग्रँट वर्षनिहाय वेगळी मोजा, एकच मोठा आकडा काढू नका, कारण जे ग्रँट अजून उघडं आहे त्यात तुम्ही जर्नल एन्ट्रीने खर्च उचलून बरोबर फंडावर टाकू शकता आणि तिमाही आर्थिक रिपोर्ट सुधारून देऊ शकता. जे ग्रँट बंद झालं तिथे रोख परत द्यावी लागते. ग्रँट बंद झालं म्हणजे सुटलो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, असं बंद झाल्यावरही (ह्याला क्लोजआउट म्हणतात) खर्च नामंजूर करून पैसे मागायचा हक्क फेडरल खात्याकडे राहतो.

आणि स्वतःहून कळवा. ऑडिटर शोधेल तेव्हा बघू असा विचार करणारे साहेब असतात, त्यांना समजावून सांगा की स्वतः शोधलं तर आकडा तुमच्या पद्धतीने आणि तुमच्या पुराव्याने मांडला जातो. ऑडिटरने शोधलं की तो नमुना घेतो, त्यावरून अंदाज बांधतो, आणि मग तो अंदाज खोटा ठरवायचं काम तुमच्या गळ्यात.

ऑडिटमधून आलं असेल तर

राज्यांचं दरवर्षी सिंगल ऑडिट होतं, म्हणजे सगळ्या फेडरल पैशाचं एकत्र ऑडिट, त्यात हा कार्यक्रम फेडरल यादीतल्या १७.२२५ ह्या नंबराखाली येतो. ऑडिटरने शंकास्पद खर्च म्हणून लिहिलं की तुम्हाला सुधारणा योजना द्यावी लागते, कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत. ऑडिट रिपोर्ट फेडरल क्लिअरिंगहाउसने, म्हणजे हे रिपोर्ट जिथे जमा करतात त्या ऑफिसने, स्वीकारला की लेबर डिपार्टमेंटने सहा महिन्यांत आपला निर्णय द्यायचा असतो. व्यवहारात आधी प्राथमिक निष्कर्ष येतो, मग तुमचं उत्तर आणि बोलणी, मग लेबर डिपार्टमेंटच्या ग्रँट ऑफिसरचा अंतिम निष्कर्ष.

प्राथमिक निष्कर्ष आणि अंतिम निष्कर्ष ह्यांच्या मधला काळ सोन्याचा. पुरावा इथे द्या. तीच टाइमशीटवाली बाई, तिच्या टीमचे फोन लॉग, क्लेम सिस्टीमचे लॉगिन, कामाचं वर्णन, सुपरवायझरचं लेखी निवेदन, ह्यावरून २६ तासांऐवजी ३० तास अनएम्प्लॉयमेंटचे होते असं दाखवता आलं तर रक्कम थेट खाली येते. "आम्ही प्रामाणिक होतो" अशी पत्रं पाठवू नका, त्याने एक डॉलर कमी होत नाही. अंतिम निष्कर्षाच्या पत्रात अपिलाची मुदत लिहिलेली असते, ती मोजक्या दिवसांची असते, पत्र ज्या दिवशी हातात पडलं त्या दिवशीच कॅलेंडरवर टाका.

भरायचा पैसा कुठून आणायचा

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण घाईत लोक जवळचा डबा उघडतात आणि एका उल्लंघनाची दोन होतात.

राज्याच्या ट्रस्ट फंडातल्या भत्त्याच्या पैशाला हात लावायचा नाही. तो फक्त भत्त्यासाठी, काही ठरावीक अपवाद सोडले तर. चालू वर्षाच्या अनएम्प्लॉयमेंट ग्रँटमधूनही भरायचा नाही, तो तर फेडरल सरकारचाच पैसा फेडरल सरकारला देण्याचा प्रकार झाला. जॉब ट्रेनिंग किंवा दुसऱ्या कुठल्या फेडरल ग्रँटमधूनही नाही, एका ग्रँटची तूट दुसऱ्यावर ढकलायची नाही असा स्पष्ट नियम आहे. रीड ॲक्टचे पैसे, म्हणजे फ्यूटाचा जास्तीचा जमा पैसा फेडरल सरकारने राज्यांच्या ट्रस्ट फंड खात्यात टाकलेला, शिल्लक आहेत ते वापरू असं कुणीतरी नक्की सुचवतं, पण ते प्रशासनावर वापरायचे तर विधिमंडळाने आधी काम आणि रक्कम लिहून मंजुरी द्यावी लागते आणि खर्च त्या मंजुरीनंतरचा असावा लागतो, म्हणजे मागची चूक भरायला ते बसत नाहीत.

मग उरतं काय? पहिलं म्हणजे राज्याचा जनरल फंड, कायद्यात मुख्य वाट तीच लिहिलेली असते. दुसरं, बऱ्याच राज्यांत मालकांकडून उशिराचं व्याज आणि दंड जमा होतो तो वेगळ्या फंडात ठेवतात, कंटिन्जन्सी फंड किंवा पेनल्टी अँड इंटरेस्ट फंड म्हणतात, आणि फेडरल ग्रँटवर टाकता न येणारा खर्च त्यातून करायची परवानगी राज्याच्या कायद्यात असू शकते. असेल तर ही वाट जलद, विधिमंडळाची वाट बघावी लागत नाही. पण त्या फंडाचे शब्द वकिलाकडून वाचून घ्या, काही ठिकाणी आधी कुणाची तरी मंजुरी लागते. तिसरं, ज्या कार्यक्रमाने फुकट फायदा घेतला, म्हणजे आपल्या उदाहरणात डिसॅबिलिटी, त्याच्या राज्य निधीकडून आपला हिस्सा मागणं. हे न्याय्य आहे पण वेळखाऊ, फेडरल मुदत त्यासाठी थांबत नाही.

वाजवी वेळ म्हणजे किती

कायद्यात दिवस दिलेले नाहीत. म्हणून विधिमंडळाचं वेळापत्रक आधी बघा. टेक्सासचं विधिमंडळ नियमित अधिवेशनाला फक्त विषम वर्षी जानेवारीत बसतं, जास्तीत जास्त १४० दिवस. तुमचा अंतिम निष्कर्ष जूनमध्ये आला आणि अधिवेशन मेअखेर संपलेलं असेल तर पुढची संधी दीड वर्षाने. अशा वेळी गप्प बसलात तर ते टाळाटाळ दिसतं. लगेच लेखी कळवा की मागणी गव्हर्नरकडे ह्या तारखेला गेली, पुढच्या बजेट विनंतीत ही रक्कम आहे, आणि तोवर दंड-व्याजाच्या फंडातून इतका भाग आता भरतो. हप्ते मागायचे तर मागा, पण तारखांसकट.

इथे एक मुदत पक्की लक्षात ठेवा. पैशाची मागणी आल्यावर ९० दिवसांत रक्कम नाही भरली तर फेडरल खातं तुम्ही मागितलेल्या इतर खर्चाच्या परतफेडीतून कापून घेऊ शकतं किंवा ॲडव्हान्स रोखू शकतं, आणि व्याजही लागू शकतं. म्हणजे बोलणी करायची ती ९० दिवस संपायच्या आत.

गव्हर्नरच्या ऑफिसला जाणारं पत्र एका पानाचं ठेवा. रक्कम, कुठल्या वर्षाची, फेडरल निष्कर्षाची तारीख, राज्याचं कलम, कुठल्या फंडातून हवी, कधीपर्यंत हवी, आणि चूक परत होऊ नये म्हणून आत्तापर्यंत काय बदललं. बजेटवाल्यांचा पहिला प्रश्न असतो, न भरल्यास काय? त्याचं उत्तर तयार ठेवा.

न भरल्यास काय

उत्तर असं की कलम ३०३ (ब) खाली लेबर सेक्रेटरी नोटीस आणि सुनावणीची संधी देऊन असा निष्कर्ष काढू शकतो की राज्य अटी पाळत नाही, आणि मग समाधान होईपर्यंत पुढची प्रशासन ग्रँट बंद. लाखभर डॉलरच्या वादात अख्ख्या खात्याचा पगार अडकतो. लोक ह्यात अजून एक गोष्ट मिसळतात, की मालकांची ५.४ टक्क्यांची सूट जाईल आणि माणशी ४२ चे ४२० डॉलर होतील. ती कारवाई वेगळ्या कायद्याखाली, राज्याचा कायदाच फेडरल अटींशी जुळत नसेल तेव्हाची. पत्रात ती धमकी घालू नका, समोरचा जाणकार असेल तर तुमच्या बाकी मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

प्रत्यक्ष भरणा आणि फाइल बंद करणं

राज्यांच्या जुन्या कायद्यात पैसा राज्याच्या प्रशासन निधीत परत टाकायचा असं लिहिलेलं असतं. आज मागणीपत्रात कुठे, कसं, कुठल्या संदर्भ नंबराने भरायचं ते दिलेलं असतं, तेच पाळा आणि शंका असेल तर ग्रँट ऑफिसरला ईमेलवर विचारा, फोनवर नको. भरताना ग्रँट वर्षाप्रमाणे रक्कम वेगळी दाखवा. राज्याच्या लेजरमध्ये एन्ट्री अशी करा की हा पैसा जनरल फंडातून किंवा कंटिन्जन्सी फंडातून आला हे कुणालाही वाचून कळेल, कारण पुढच्या वर्षीचा ऑडिटर पहिलं तेच बघणार.

महाराष्ट्रात केंद्र पुरस्कृत योजनांचं काम केलेल्यांना ह्यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल, तिथे उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करताना पैसा मंजूर कामावरच गेला असं लिहून द्यावं लागतं आणि निधी वळवला की महालेखापालांचा आक्षेप येतो. ती सवय इथे कामाला येते, सही करण्याआधी मूळ व्हाउचर बघायची.

पैसे भरल्यावर पावती घ्या आणि त्याशिवाय लेखी पत्र मागा की हा मुद्दा निकाली निघाला. नुसता पैसा पोचला म्हणून ऑडिटमधला मुद्दा आपोआप बंद होत नाही, तो पुढच्या सिंगल ऑडिटच्या जुन्या मुद्द्यांच्या यादीत तसाच राहतो. त्या यादीत त्याच्यासमोर "पूर्ण सुधारणा झाली" असं लिहायला पावती, निकालाचं पत्र आणि नवीन कोड लागल्यानंतरच्या सलग दोन तिमाहींच्या टाइमशीट, एवढे तीन कागद एकत्र लावून ठेवा.